वकील आणि वाटसरू

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या शेजारच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी मस्कतमध्ये नोकरी मिळाली, तेव्हा त्याच्या आईने पगार किती, जागा कशी, उन्हाळा सोसेल का, यांपैकी कशाचीच चौकशी केली नाही. "तिथं घरात देव्हारा ठेवू देतात का हो?" एवढेच तिने मला विचारले. त्या प्रश्नात द्वेषाचा लवलेश नव्हता. मुलगा परक्या मुलखात एकटा पडेल, त्याचे सणवार आणि त्याची श्रद्धा त्याला चोरून सांभाळावी लागेल, ही आईची धास्ती होती. मी तिला सांगितले की मस्कतमध्ये शंकराचे जुने मंदिर आहे, कच्छमधले भाटिया व्यापारी तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत आणि त्यांच्यातल्याच कनकसी खिमजी यांना ओमानच्या सुलतानांनी 'शेख' ही पदवी दिली होती. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पण सगळ्या मुसलमान देशांत असं नसणार."

तिचे म्हणणे खरे होते. ओमानला लागून असलेल्या सौदी अरेबियात मंदिर बांधता येत नाही आणि अन्य धर्मीयांना उघडपणे पूजाही करता येत नाही. पण म्हणजेच, 'सगळे मुसलमान देश' या शब्दांनी एकमेकांना खेटून असलेल्या दोन देशांविषयीसुद्धा धड काही सांगता येत नाही. मुस्लिमबहुल देशांबद्दलचे आपले बहुतेक गैरसमज या एका 'सगळ्या'पाशी सुरू होतात, आणि तो 'सगळ्या' मोडण्याची खरी साधने दोनच आहेत, डोळे उघडे ठेवून केलेला प्रवास आणि चिकाटीने चालवलेली मुत्सद्देगिरी, असे माझे ठाम मत आहे.

खरे तर सांगलीला हे देश अनोळखी असण्याचे काही कारण नाही. येथल्या मार्केट यार्डात सौदा झालेली हळद बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, मोरोक्को अशा देशांकडे जाणाऱ्या भारतीय हळदीत मिसळते. तासगावची द्राक्षे आखाताकडे रवाना होतात आणि रमजान जवळ आला की बेदाण्याच्या दरावर त्याची चर्चा होते. हरिपूरच्या पेवांमध्ये हळद साठवली जात होती त्या काळापासून हा जिल्हा दूरच्या गिऱ्हाइकावर जगत आला आहे. तरीही ज्या अडत्याला दुबईचा भाव तोंडपाठ असतो, त्याच्याच घरात दूरचित्रवाणीवर एखादी स्फोटाची बातमी लागली की "ते सगळे तसेच" हे वाक्य सहज उच्चारले जाते, हे मी अनेकदा ऐकले आहे. व्यापाराने मालाची पारख होते, माणसाची होतेच असे नाही. पोत्यावर गिऱ्हाइकाचा शिक्का असतो, त्याचा चेहरा नसतो.

मुस्लिमबहुल देश म्हटले की आपल्यापुढे वाळवंट, उंट, तेलविहिरी, काळे बुरखे आणि बंदूकधारी तरुण असे एक तयार चित्र उभे राहते. प्रत्यक्षात इस्लामी सहकार्य संघटनेचे ५७ सदस्य देश आहेत आणि जगातल्या मुसलमानांमध्ये अरबांचा वाटा साधारण पाचव्या हिश्शाचा आहे. सर्वांत मोठा मुस्लिमबहुल देश म्हणून ओळखला जाणारा इंडोनेशिया विषुववृत्तावर, भातखाचरांत आणि ज्वालामुखींच्या पायथ्याशी वसलेला आहे. आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये बहुसंख्य जनता मुसलमान असूनही लेओपोल्ड सेंघोर हे कॅथलिक ख्रिस्ती कवी १९६० पासून १९८० पर्यंत राष्ट्राध्यक्ष होते. पाकिस्तानात १९८८ मध्ये, बांगलादेशात १९९१ मध्ये आणि तुर्कस्तानात १९९३ मध्ये स्त्री पंतप्रधान झाली, तर इंडोनेशियात २००१ मध्ये स्त्री राष्ट्राध्यक्ष झाली. समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये बहुपत्नीत्वासारख्या प्रथांविरुद्ध सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, त्याच्या दहा वर्षे आधी, १९५६ मध्ये, ट्युनिशियाने बहुपत्नीत्व कायद्याने बंद केले होते. दलवाईंचे नाव महाराष्ट्रात आदराने घेणाऱ्यांपैकी किती जणांना ट्युनिशियाची ही गोष्ट माहीत आहे, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

याच्या उलट बाजूकडे पाठ फिरवूनही चालणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेल्यापासून अफगाणिस्तानातल्या मुलींना सहावीच्या पुढची शाळा बंद झाली आहे. इराणमध्ये २०२२ साली महसा अमिनी या तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात असताना झालेला मृत्यू आणि त्यानंतर रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांवरची दडपशाही साऱ्या जगाने पाहिली. या गोष्टी घडल्याच नाहीत असे दाखवणारी मैत्री मला नको आहे. पण तेहरानच्या रस्त्यांवर डोक्यावरचे वस्त्र काढून उभ्या राहिलेल्या त्या स्त्रियाही त्याच देशाच्या होत्या आणि त्यांतल्या बहुसंख्य मुसलमानच होत्या. इराण म्हणजे केवळ इराणचे सरकार असे मानणारा माणूस या स्त्रियांना त्यांच्याच देशातून पुसून टाकतो. आपल्या गैरसमजांमध्ये निव्वळ खोटे फार थोडे असते. एका ठिकाणचे खरे उचलून ते पन्नास ठिकाणी चिकटवल्याने ते तयार होतात, आणि म्हणूनच आकडेवारी समोर ठेवून ते जात नाहीत.

ते कशाने जातात, याचा अनुभव मला स्वतःला इंडोनेशियाच्या जावा बेटावर आला. योग्यकर्ता शहराजवळ प्रंबानन येथे नवव्या शतकातली मंदिरे आहेत आणि त्यांच्या कठड्यांवर रामायणातले प्रसंग कोरलेले आहेत. त्या मंदिरांच्या साक्षीने १९६१ पासून रामायणाचे नृत्यनाट्य सादर केले जाते. कोरड्या महिन्यांत ते उघड्या रंगमंचावर होते आणि मागे अंधारात मंदिरांची शिखरे उजळलेली असतात. संवाद नसतात. गामेलान या जावानी वाद्यवृंदाचे धातूचे सूर, मंद गाणे आणि हातांच्या बोटांनी सांगितलेली कथा एवढ्यावर सीताहरण, जटायूचे पतन आणि लंकादहन उभे राहते. लंकादहनाच्या वेळी रंगमंचावर खरोखरच आग पेटवतात. मी सांगलीचा प्रेक्षक. ज्या गावात १८४३ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाचा आरंभ झाला, त्या गावचा. सीतेची गोष्ट रंगमंचावर कशी सांगायची याचे थोडेफार वळण आपल्या रक्तात आहे, अशी माझी समजूत होती. त्या रात्री जटायू पंख पसरून रावणाच्या आडवा गेला तेव्हा माझ्या शेजारी डोक्याला रुमाल बांधलेल्या तीन जावानी स्त्रिया पुढे झुकून, श्वास रोखून पाहत होत्या.

खेळ संपल्यावर कलावंत प्रेक्षकांना भेटतात. जटायूचे काम करणाऱ्या तरुणाला मी विचारले की मुसलमान असून रामायणात काम करताना घरच्यांचा विरोध होत नाही का. माझ्या प्रश्नाचा रोखच त्याला कळेना. मी तो दोन-तीन प्रकारे विचारून पाहिला. शेवटी त्याने सांगितले की त्याचे वडीलही याच मंचावर नाचत असत आणि आज शुक्रवार असल्याने तो दुपारचा नमाज पढून थेट तालमीला आला होता. मी जी दोन टोके मानून बसलो होतो ती त्याच्या दिवसात एकापाठोपाठ एक, कसलीही ओढाताण न होता, येऊन गेली होती. घरी परतल्यावरही तो प्रसंग मला बरेच दिवस अस्वस्थ करीत राहिला, कारण इंडोनेशियाविषयी मी पुष्कळ वाचलेले होते. रामायण तेथे जिवंत आहे हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असूनही मी तो प्रश्न विचारलाच.

त्या आठ दिवसांत भाषेनेही मला सतत धक्के दिले. तेथे मंत्र्याला 'मंत्री'च म्हणतात, भाषेला 'बहासा', शिक्षकाला 'गुरू', पत्नीला 'इस्त्री' आणि नवऱ्याला 'सुवामी'. इंडोनेशियाच्या नौदलाचे ब्रीद 'जलेष्वेव जयामहे' हे शुद्ध संस्कृत आहे आणि राष्ट्रीय बोधचिन्हावर गरुड आहे. हे सारे पाहून "पाहा, तेही मूळचे आपलेच" असा सूर लावणारे प्रवासी मला तेथे भेटले आणि तो सूर मला पटला नाही. जावाच्या लोकांनी रामायण आपले केले, त्यात आपली पात्रे घातली, त्याला आपला ताल दिला. त्यांच्याकडे आपल्या वाड्याचा एखादा हरवलेला कोपरा म्हणून पाहणे हाही गैरसमजच आहे, फक्त तो गोड वाटतो. शिवाय त्या देशालाही त्याचे प्रश्न आहेत. जकार्ताचे ख्रिस्ती गव्हर्नर बासुकी पुर्नामा, ज्यांना लोक 'अहोक' म्हणतात, यांना २०१७ मध्ये धर्मनिंदेच्या आरोपावरून दोन वर्षांची शिक्षा झाली. हा विषय मी काढला नव्हता. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या निवृत्त शिक्षकांनीच तो जेवताना काढला आणि आपल्या देशाची त्या प्रकरणात मान खाली गेली असे सांगितले. एखाद्या समाजाची सर्वांत प्रामाणिक टीका त्या समाजातल्याच माणसाच्या तोंडून, त्याच्याच ताटावर बसून ऐकण्याची संधी प्रवासातच मिळते.

मात्र कोणताही प्रवास हे काम करतो असा दावा मी करणार नाही. पाच दिवसांच्या दुबई सहलीला आता आपल्या तालुक्यांच्या गावांतूनही गाड्या भरून माणसे विमानतळाकडे निघतात. उंच मनोरा, वाळवंटातली सफर, सोन्याचा बाजार, मॉल, आणि मराठी आचाऱ्याने रांधलेले जेवण. एकाही अमिराती माणसाशी दोन वाक्ये न बोलता ही सहल पूर्ण होऊ शकते आणि बहुतेक वेळा होते. तिथून आलेला माणूस "काय शिस्त, काय स्वच्छता" म्हणतो आणि त्याचे मूळ चित्र जसेच्या तसे राहते, फक्त त्याला सोनेरी चौकट लागते. ज्या मजुरांनी ते मनोरे बांधले, त्यांतले असंख्य आपल्याच देशातले आहेत, त्यांच्या खोल्यांपर्यंत सहलीची बस जात नाही. आखाताशी असलेले आपले जुने नातेही या सहलीत कोणी सांगत नाही. १९६० च्या दशकापर्यंत आखाताच्या बऱ्याच भागात रुपया हेच चलन होते. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये त्या भागासाठी खास 'गल्फ रुपया' काढला होता आणि ओमानमध्ये तर १९७० पर्यंत तो चालत होता. ही माहिती त्या सोन्याच्या बाजारात उभे राहून कोणी सांगितली, तर 'परका मुलूख' हे शब्द उच्चारताना माणूस निदान थोडा अडखळेल.

गिऱ्हाईक म्हणून गेलेला प्रवासी आणि पाहुणा म्हणून गेलेला प्रवासी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाहुण्याला यजमानाच्या घरात काय चालते ते विचारावे लागते, चप्पल कुठे काढायची हे पाहावे लागते, रमजानच्या दिवसांत त्यांच्यादेखत खाणे टाळावे लागते, आणि आपल्याविषयी विचारलेल्या अवघड प्रश्नांना उत्तरेही द्यावी लागतात. मस्कतला गेलेल्या त्या मुलाने पहिल्या वर्षी घरमालकांच्या घरचा इफ्तार जेवला आणि दिवाळीला त्यांच्याकडे चकल्या नेल्या, हे त्याच्या आईने मला मोठ्या अभिमानाने सांगितले होते. देव्हारा त्याच्या खोलीत आहे.

परंतु तो मुलगा मस्कतला जाऊ शकला याला कारण दोन देशांमधला व्हिसा, नोकरीचे करार, विमानांचे हक्क आणि संकटात दार ठोठावण्यासाठी असलेली भारतीय वकिलात. प्रवासाचे कौतुक करणारे लोक या अदृश्य कामाकडे दुर्लक्ष करतात. 'वकील' हा अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आला आणि आपल्याकडे तो राजदूत या अर्थाने रुळला. सातारा जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ मध्ये जी भेट झाली, तिच्या आधीच्या वाटाघाटींत अफझलखानाचे वकील कृष्णाजी भास्कर होते आणि महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ होते. पुढे महाराजांच्या पदरी काझी हैदर हे फारसी मुनशी होते. कोणाच्या वतीने बोलायचे हे त्या काळात धर्मावरून ठरत नव्हते. शत्रूशीसुद्धा बोलणारा माणूस हाताशी असला पाहिजे, ही जाण या मातीत जुनी आहे.

त्याच जाणिवेचा आधुनिक वारसा आपल्या जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांकडे जातो. १९६५ च्या युद्धात ते संरक्षणमंत्री होते आणि जानेवारी १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्रींबरोबर ते ताश्कंदलाही गेले होते. १० जानेवारीला करार झाला आणि त्याच रात्री, ११ तारीख उजाडताना, शास्त्रीजींचे निधन झाले. ते ताश्कंद आज उझबेकिस्तान या मुस्लिमबहुल देशाची राजधानी आहे आणि तेथे शास्त्रीजींचा पुतळा आणि त्यांच्या नावाचा रस्ता आहे. पुढे ऑक्टोबर १९७४ ते मार्च १९७७ या काळात यशवंतराव परराष्ट्रमंत्री होते. १९७१ च्या युद्धात तुटलेले पाकिस्तानशी असलेले राजनैतिक संबंध १९७६ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि त्याच वर्षी समझोता एक्सप्रेस धावू लागली, ते त्यांच्याच कारकिर्दीत. ज्याने युद्ध जवळून पाहिले त्याच माणसाच्या काळात रेल्वे सुरू झाली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. तीही रेल्वे आता बंद आहे. मुत्सद्देगिरीने बांधलेले पूल पाडता येतात, हे मान्य करूनच तिच्या बाजूने बोलावे लागते.

त्या पुलांचा उपयोग संकटात कळतो. १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना जॉर्डनची राजधानी अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले. बगदादशी बोलणी आणि अम्मानचे सहकार्य या दोन्हींशिवाय ते अशक्य होते. अबुधाबीत १४ फेब्रुवारी २०२४ रोजी ज्या भव्य मंदिराचे उद्घाटन झाले, त्याची जागा तेथल्या राज्यकर्त्यांनी दिलेली आहे आणि त्यामागे अनेक वर्षांची बोलणी आहेत. माझ्या शेजारणीच्या प्रश्नाचे अबुधाबीपुरते उत्तर असे मुत्सद्देगिरीने मिळवले.

येथे तुर्कस्तानचे उदाहरण माझ्या अंगावर येते आणि ते मी टाळणार नाही. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर भारताने 'ऑपरेशन दोस्त' या नावाने बचावपथके पाठवली आणि लष्कराने इस्केंदेरून येथे रुग्णालय उभारले. 'दोस्त' हा शब्द तुर्की भाषेतही तोच आहे. त्यानंतर सव्वादोन वर्षांनी, मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानचे सरकार पाकिस्तानच्या बाजूला उभे राहिले आणि पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे नाकारली, अनेकांनी सहली रद्द केल्या. तो राग मला समजतो. सरकारच्या धोरणाबद्दल ग्राहकाने नाराजी दाखवणे हा त्याचा हक्क आहे. पण त्या दिवसांत चर्चेचा सूर तुर्कस्तानच्या सरकारवरून तुर्की लोकांवर आणि तेथून 'ते सगळे'वर किती लवकर सरकला, हे ज्यांनी ऐकले त्यांनी आठवून पाहावे. त्याच संघर्षाच्या काळात आखातातल्या ज्या देशांशी आपले संबंध दाट होते, त्यांच्यावर या रागाचे कोणतेही कारण नव्हते. भूकंपात ढिगाऱ्याखालून काढलेल्या मुलीचा अंकाराच्या परराष्ट्र धोरणाशी संबंध नसतो. मदत परतफेडीसाठी केली नव्हती, असे आपणच तेव्हा म्हणालो होतो.

आणखी एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो : समजून घेण्याची जबाबदारी आपलीच का, त्यांनी आपल्याला समजून घेऊ नये का? घ्यावेच. आणि त्यासाठी ते आपल्या दारापर्यंत आलेलेही आहेत. पुण्यात इराण, अफगाणिस्तान, येमेन आणि अनेक अरब देशांतले विद्यार्थी वर्षानुवर्षे शिकत आले आहेत. १९६४ पासून चालू असलेल्या भारत सरकारच्या 'आयटेक' कार्यक्रमातून विकसनशील देशांतले अधिकारी आणि तंत्रज्ञ येथे प्रशिक्षण घेतात. हे परतणारे विद्यार्थी भारताबद्दल जे बोलतात ते कोणत्याही भाषणापेक्षा खोल जाते. मग त्यांना भाड्याची खोली नाकारताना "तुमच्या देशात..." अशी सुरुवात करणारा घरमालक आपल्या देशाचे केवढे नुकसान करतो, याची त्याला कल्पना नसते. त्यांच्या मनातही भारताचे एक तयार चित्र असते आणि ते पुसण्याची संधी त्या घरमालकाच्या हातात असते.

दूरच्या देशांविषयीचा गैरसमज दूरच राहत नाही, आणि म्हणूनच ही सारी तळमळ. तो शेजाऱ्याकडे पाहण्याच्या नजरेत उतरतो. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीला गायन-वादनाची सेवा रुजू होते, त्याच मिरजेत तंतुवाद्ये घडवणारी मुसलमान घराणी साऱ्या देशाला तानपुरे पुरवतात, आणि कडेगावात मोहरमचे गगनचुंबी ताबूत हिंदू आणि मुसलमान मिळून उचलतात. आणि याच मिरज-सांगलीत सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या एका कमानीवरून दंगल पेटली आणि संचारबंदी लागली. दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत. त्या दिवसांत ज्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा घरोबा होता, त्यांच्याविषयीसुद्धा दूरच्या देशांतल्या बातम्यांची भाषा वापरली गेली. मिरजेतल्या तानपुरा घडवणाऱ्या माणसाला काबूलच्या कृत्याचा जाब विचारला जातो, तेव्हा कडेगावचे खांदे आपण विसरलेलो असतो.

त्यामुळे मला वाटते ते थेट सांगतो. प्रंबाननचे ते रामायण सांगलीत यायला हवे. परदेशी कलापथके आणण्यासाठी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५० पासून काम करते आहे. तिच्याकडे प्रस्ताव पाठवायला आपल्या नाट्यसंस्थांना आणि महाविद्यालयांना कोणी अडवलेले नाही. पथक आले तर त्यातल्या कलावंतांना हॉटेलात न ठेवता येथल्या घरांमध्ये उतरवावे, एक-दोन जण मिरजेच्या वाद्यकारांकडे आणि एक-दोन जण कडेगावकडे. खर्च फार होईल असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की आपल्या नाट्यवेड्या गावाने याहून मोठे खर्च हौसेने केले आहेत. प्रस्तावाचा पहिला मसुदा लिहिण्याची जबाबदारी मी घेतो.